टाकीवरचा चाँद

ईदच्या दिवशी फोनच्या पडद्यावर तुम्ही दोघांनी जे पाहिलंत, त्याबद्दल हे लिहिते आहे. तुम्ही "ईद मुबारक दादाजी" म्हणालात, मी त्यांच्यापुढे शीरखुर्म्याची वाटी धरली आणि त्यांनी ती हाताने मागे सारली. थोडं दूध नव्या चादरीवर सांडलं. मग तुमच्या फुफूने, माझ्या लेकीने, फोन बंद केला. नंतर धाकट्याने तुमच्या अब्बांना विचारलं म्हणे, दादाजी आमच्यावर रागावलेत का? नाही. त्यांचा रोजा होता.

ईदच्या दिवशी रोजा धरत नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे. त्यांना तर ते आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. म्हणून हे क्रमाने सांगते.

दादाजींची आठवण गेली दोन-तीन वर्षं कमी होत चालली आहे, एवढं तुमच्या कानावर आहे. लिफ्टमध्ये कुठलं बटण दाबायचं ते त्यांना आठवत नाही. तुमची नावं ते एकमेकांना देतात. निवृत्त होऊन इतका काळ लोटला तरी एखाद्या सकाळी बूट घालून बसतात आणि ऑफिसची गाडी का आली नाही म्हणून विचारतात. इथे दिल्लीच्या थंडीत त्यांना हॉस्पिटलात ठेवावं लागलं. शरीरातलं पाणी कमी होऊन त्यांची मूत्रपिंडं थकली होती. तिथे ते हातातली सुई उपटून टाकत, म्हणून त्यांचे दोन्ही हात पट्टीने पलंगाच्या कडेला बांधले. मी शेजारी बसून त्या गाठींकडे बघत असे. नर्स बिचाऱ्या हिंदीत समजावत आणि हे मराठीत एकच विचारत राहत, "माझं काय चुकलं?" घरी आणलं तेव्हा मी मनाशी ठरवलं, यांना परत तिथे न्यायचं नाही.

मग रमजान आला. डॉक्टरांनी रोज्याला साफ मनाई केली होती. आम्ही घरात विषयच काढला नाही. फुफूने तर कॅलेंडरही भिंतीवरून काढून कपाटात ठेवलं. पण पहिल्याच दिवशी पहाटे, रोज्याआधी जेवायच्या सहरीच्या वेळी मला स्वयंपाकघरात दिवा दिसला. हे हात-पाय धुऊन, वजू करून, टोपी घालून टेबलाशी बसले होते. म्हणाले, "अगं, वेळ होत आली. वाढ ना."

मला वाटलं, उजाडल्यावर विसरतील. विसरले नाहीत. दुपारी पाण्याचा पेला पुढे केला की म्हणत, "रोजा आहे." लिंबूसरबत, ताक, नुसता कलिंगडाचा तुकडा, काहीही पुढे करा, उत्तर तेच. माझं माहेर कुठलं हे ज्या माणसाला आठवत नाही, त्याला तहान लागलेली असताना हे कसं आठवतं, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सगळ्यात जुनं असतं ते सगळ्यात शेवटी जातं. त्यांनी गोळ्या सहरी आणि इफ्तारला बसवून दिल्या, इन्सुलिन कमी केलं, आणि रक्ताचा रिपोर्ट बघून स्पष्ट सांगितलं की महिना कसाबसा निभेल, पण ईदपासून दिवसभर थोडं थोडं पाणी पोटात जायलाच हवं. नाही गेलं तर भरती करून सलाईन लावावं लागेल.

सलाईन म्हणजे सुई, आणि सुई म्हणजे त्या पट्ट्या. मी तो सगळा महिना ईदची वाट बघत काढला. लहानपणीही कधी इतकी बघितली नव्हती.

महिन्याच्या मध्यावर एक गोष्ट घडली. त्या दिवशी ऊन फार होतं आणि हे खुर्चीत बसल्या बसल्या एका बाजूला कलत होते. ओठ पांढरे पडले होते. तुमचे अब्बा फोनवर होते. फुफूने काय करू विचारलं, तेव्हा ते म्हणाले, पडदे ओढून घ्या आणि मोबाइलवर अजान लावा. फुफूने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. आम्ही पडदे ओढले, दिवा लावला, बशीत खजूर ठेवले आणि भर दुपारी घरात सूर्यास्ताची, मगरिबची अजान झाली. यांनी दुआ म्हटली, खजूर खाल्ला, मग पेलाभर पाणी एका दमात प्यायले. फुफूच्या डोळ्यांत पाणी आलं, इतकं बरं वाटलं.

मग ते नमाजासाठी हात-पाय धुवायला न्हाणीघरात गेले. तिथल्या लहान खिडकीला पडदा नाही, आणि समोरच्या इमारतीवर लखलखीत ऊन होतं. बराच वेळ ते बाहेर आले नाहीत. आले तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाले, "माझा रोजा तुम्ही मोडलात."

आवाज चढवला नाही. त्यांनी कधीच चढवला नाही. तुम्हाला माहीत नसेल, पण दादाजींचं सगळं आयुष्य तपासणीच्या कामात गेलं. कुठल्या तरी जिल्ह्यात पूल झाला, शाळा झाली, असा कागद आला की हे जागेवर जाऊन बघून यायचे आणि मगच सही करायचे. कस्तुरबा गांधी मार्गाजवळच्या त्यांच्या ऑफिसात लोक त्यांना हसत. साहेबांना सूर्य उगवला म्हणून सांगितलं तरी ते गच्चीवर जाऊन येतील, म्हणत. घरीही तसंच. "तू स्वतः पाहिलंस का?" हा त्यांचा प्रश्न मी आयुष्यभर ऐकला आहे. पण माझ्या शब्दावर त्यांनी तो दुसऱ्यांदा कधी विचारला नव्हता.

त्या दिवसापासून ते बाल्कनीत खुर्ची टाकून बसू लागले. अजान झाली तरी स्वतः आकाश बघितल्याशिवाय खजूर घेत नसत. मी वाढलेल्या ताटाकडे आधी बघत, मग माझ्याकडे.

तरी मी ईदची तयारी केली. दरवर्षी करते त्याच क्रमाने. पडदे धुतले. पानिपतहून आणलेली नवी चादर धुऊन, इस्त्री करून ठेवली. मिरजेहून तुमच्या चुलतआजीने हातच्या शेवया पाठवल्या होत्या, त्या तुपावर परतून डब्यात भरल्या. खारका भिजत घातल्या आणि उभ्या चिरल्या. चारोळ्या निवडताना मला एकदम रडू आलं, म्हणून त्या फुफूला दिल्या. यांचा पांढरा कुडता नवा शिवला होता. तो पलंगावर मांडून ठेवला आणि मुद्दाम त्यांना दाखवला. त्यांनी कापड बोटांनी चाचपलं आणि छान आहे म्हणाले. मला तेवढ्यानेही धीर आला. इत्रची बाटली उघडी ठेवली. दूध आटत घातलं. शीरखुर्म्याचा वास घरभर झाला की यांना ईद आपोआप कळेल, अशी माझी समजूत होती.

एकोणतिसावा रोजा सुटल्यावर, चाँदरातीला, आम्ही सोसायटीच्या गच्चीवर गेलो. लहानपणी त्यांच्या गावी चाँद बघायला मुलं देवळामागच्या टेकडीवर चढायची, हिंदूंची मुलंही. ती गोष्ट ते दरवर्षी सांगतात, यंदाही सांगितली. पण पश्चिमेला ढग होते आणि खाली धुळीचा पट्टा. काही दिसलं नाही. उतरलो आणि थोड्या वेळाने दुसऱ्या गावांहून चाँद दिसल्याची खबर आली. खाली फटाके वाजले, फुफूचा मोबाइल थांबेना. तिने तो त्यांच्यापुढे धरला. "अब्बा, बघा, चाँद झाला. उद्या ईद."

ते म्हणाले, "मोबाइलवर त्या दिवशी अजानसुद्धा झाली होती."

मी म्हटलं, अहो, खरंच ईद आहे, मी सांगते ना. त्यांनी विचारलं, "तू स्वतः पाहिलास?"

मी पाहिला नव्हता. ते झोपायला गेले, आणि सहरीला उठून टेबलाशी त्याच खुर्चीवर येऊन बसले.

सकाळी शेजारचे अलीगढचे गृहस्थ नवे कपडे घालून, इत्र लावून यांना नमाजाला न्यायला आले. दर ईदला दोघं बरोबर जातात. त्यांनी हाताला धरून म्हटलं, "चलिए अंकल, जमात का वक्त हो रहा है." हे हसून म्हणाले, "पहले चाँद तो देख लूँ, भाई." ते गृहस्थ माझ्याकडे बघत राहिले आणि मग एकटेच गेले.

मी ठरलेल्या वेळी पाणी घेऊन जात होते. प्रत्येक वेळी पेला तसाच परत येत होता. फुफूने रागावून बघितलं, मग विनवून. ईदच्या दिवशी रोजा हराम आहे, हेही ती बोलून गेली. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "बिल्कुल. ईदच्या दिवशी हरामच आहे." आणि बाल्कनीत गेले.

दुपारी परीक्षेच्या तयारीसाठी दिल्लीत राहणाऱ्या त्या दोघी मुली आल्या, एक लातूरकडची, एक साताऱ्याची. मागच्या ईदला त्यांनी आपल्याकडे तीन-तीन वाट्या खाल्ल्या होत्या. मी त्यांना दारातच सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, आम्ही समजावतो आजोबांना. यांनी त्यांची छान विचारपूस केली, मला शीरखुर्मा आणायला सांगितला आणि वर म्हणाले, "मी रोज्यात आहे, तुम्ही संकोच करू नका." साताऱ्याची म्हणाली, आजोबा, आज ईदच आहे. त्यांनी विचारलं, चाँद पाहिलास का? ती खरं बोलणारी मुलगी. म्हणाली, "पाहिला नाही, पण क्लासला सुट्टी आहे ना."

"सुट्टीवरून ईद ठरत नाही, बेटा," ते म्हणाले. "मी सरकारी नोकरीत होतो. सुट्ट्या कशा ठरतात ते मला ठाऊक आहे."

त्या दोघी हसल्या, फुफूही हसली. मीही हसले असेन. पण ते बोलताना त्यांची जीभ कोरडी होऊन टाळूला चिकटत होती, हे मला दिसत होतं. मुलींनी वाट्या अर्ध्या टाकल्या आणि लवकर गेल्या. त्यानंतर तुमचा फोन आला आणि पुढचं तुम्ही पाहिलंत. फुफू चादरीवरचा डाग चोळत बसली. मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, रात्रीपर्यंत बघा, उद्याही पाणी घेतलं नाही तर घेऊन या.

मग मी मशिदीच्या इमामसाहेबांना फोन केला. हे ईदच्या दिवशी रोज्यात आहेत, याचं पाप कोणाला, असं विचारलं. ते फार मायेने म्हणाले, "बहनजी, घबराइए मत. जिसका होश ठिकाने पर नहीं, उससे हिसाब नहीं लिया जाता."

धीर देण्यासाठीच ते बोलले. मी शुक्रिया म्हटलं, फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घेतलं. यांचा जन्म हिशेबात गेला, लोकांच्या आणि स्वतःच्याही. उपाशीपोटी बाल्कनीत बसलेल्या त्या माणसाचा रोजा आता रोजाही नव्हता आणि पापही नव्हतं. तो कशातच धरला जाणार नव्हता. पातेल्यात शीरखुर्मा घट्ट होत चालला होता. मला वाटलं, उद्या त्यांचे हात बांधतील तेव्हा ते परत विचारतील, माझं काय चुकलं? आणि मी कोणत्या तोंडाने तिथे बसू?

उन्हं कलली तेव्हा मी बाहेर आले. आता काही समजवायचं नाही, एवढंच ठरवलं होतं. फुफूला घरीच राहायला सांगितलं. गार्डकडून गच्चीची किल्ली आणली, डब्यात खजूर आणि थर्मासमध्ये पाणी घेतलं आणि यांना म्हटलं, चला, इफ्तार वर करू. ते लगेच उठले.

गच्चीवर पाण्याच्या काळ्या टाक्या आहेत, तिथेच कठड्याशी मी त्यांची खुर्ची ठेवली. आकाश त्या दिवशी स्वच्छ होतं. सूर्य उंच इमारतींच्या मागे गेला तरी ते हलले नाहीत. इमारतीमागे जाणं म्हणजे मावळणं नव्हे. खालून अजान आली. मी डबा उघडला नाही. त्यांनी आकाशाच्या कडेकडे बराच वेळ बघितलं, मग हात पुढे केला. मी खजूर दिला. त्यांनी पुटपुटत दुआ म्हटली. पाणी प्यायले, आणखी मागितलं, आणखी प्यायले. माझ्याकडे संशयाने बघितलं नाही. कारण यात माझं काही नव्हतंच, सगळं त्यांचं त्यांनी पाहिलं होतं.

मी थर्मासचं झाकण लावत होते. त्यांनी माझा दंड धरला.

"तो बघ. टाकीच्या वर."

चाँद होता. ईदच्या संध्याकाळचा, म्हणजे एका दिवसाने मोठा झालेला, टाकीपासून हातभर वर, अगदी स्पष्ट.

"दिसला ना तुला? नीट बघ. मागाहून म्हणशील, मी सांगितलं म्हणून तू हो म्हटलंस."

"दिसला," मी म्हटलं.

ते उठून उभे राहिले. दोन्ही हात उचलून त्यांनी दुआ मागितली. मग डोळे बारीक करून परत वर बघितलं आणि त्यांच्या कपाळावर ती जुनी आठी आली. एखाद्या कागदात काही जुळेनासं झालं की येत असे, तीच.

"जरा जाड आहे गं," ते म्हणाले. "उंचही आहे. हा आजचा वाटत नाही. काल झाला असेल का?"

सबंध दिवस आम्ही हेच तर त्यांच्यापुढे ओरडत होतो. आता त्यांना ते स्वतः सापडलं होतं, अगदी शेवटचं पाऊल तेवढं राहिलं होतं. हो म्हटलं तर आपण ईदच्या दिवशी रोजा धरला हे त्यांना कळणार, आणि ते त्यांना सोसणार नाही. नाही म्हटलं तर पडदे ओढून लावलेल्या त्या अजानीसारखंच झालं असतं.

"काल आपल्याला दिसला नाही," मी म्हटलं. "आपण आलो होतो वर. ढग होते."

त्यांनी विचार केला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघू शकले नाही, चाँदकडेच बघत होते.

"मग बरोबर आहे," ते म्हणाले. "दिसला नाही तर तीस पूर्ण करायचे. आपले पूर्ण झाले. आपली ईद उद्या." आणि मग थोडं थांबून, "शेवया आणल्यास का?"

जिन्यावरून उतरताना त्यांनी माझा खांदा धरला होता. घरात शिरताच त्यांनी फुफूला सांगितलं की चाँद झाला. ती माझ्याकडे बघत राहिली. मी तिला डोळ्यांनीच गप्प केलं, तर तिने त्यांच्या गळ्यात हात टाकले आणि चाँद मुबारक म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी सगळं परत केलं. शिळी ईद म्हणतात तिला, पण आमच्या घरी ती ताजी होती. डाग पडलेली चादर काढून दुसरी घातली. इस्त्री केलेला कुडता पलंगावर मांडला. दूध नव्याने आटवलं. अलीगढच्या गृहस्थांना फुफूने फोन केला होता. ते कालचेच कपडे घालून, परत इत्र लावून दारात उभे राहिले आणि म्हणाले, "अंकल, ईद मुबारक, चलिए." हे निघण्यापूर्वी खजूर खाऊन निघाले, जसं निघायला हवं तसं. ईदची नमाज तर आदल्या दिवशीच होऊन गेली होती; मशिदीत त्या दोघांनी कुठली नमाज पढली ते मी विचारलं नाही.

परत आल्यावर त्यांनी शीरखुर्मा खाल्ला. वाटी पुढे करून आणखी मागितला. भर दुपारी, उजेडात, माझ्या हातातून पेला घेऊन पाणी प्यायले आणि मिश्या पुसल्या. तो फोटो फुफूने तुम्हाला पाठवला. त्यात मी का दिसत नाही असं तुम्ही विचारलंत. मी न्हाणीघरात तोंड धूत होते.

आता यापुढचंही सांगायला हवं, नाहीतर हे अर्धवट होईल. त्याच दुपारी वाटी खाली ठेवून ते समाधानाने म्हणाले, "चला. आता उद्यापासून शव्वालचे सहा रोजे." ईदनंतरचे हे सहा रोजे सक्तीचे नसतात, पण यांनी ते एकाही वर्षी सोडलेले नाहीत. फुफूच्या हातातलं ताट तिथेच थांबलं.

मी म्हटलं, "ते शव्वालच्या महिन्यात कधीही धरता येतात. लगेच धरायला हवेत असं नाही."

त्यांनी आठवून पाहिलं. "अच्छा. हो, खरं आहे," म्हणाले आणि पाणी मागितलं.

डॉक्टरांनी भरती करणं तूर्त लांबणीवर टाकलं आहे. रिपोर्ट चांगला नाही, पण वाईट व्हायचा थांबला आहे. रोज पहाटे हे टोपी घालून टेबलाशी येऊन बसतात आणि आजपासून सहा रोजे धरू या का विचारतात. मी रोज तेच सांगते, महिना अजून आहे. ते रोज आठवून बघतात, खरं आहे म्हणतात आणि चहा घेतात. खोटं बोलावं लागत नाही. पुढचा चाँद दिसेपर्यंत मला हे सांगता येईल. कॅलेंडर मी परत भिंतीवर लावलं आहे.